वंध्यत्व, मानसोपचार आणि स्त्रीचे कामजीवन

बारा महिने गर्भनिरोधकाशिवाय नियमित शरीरसंबंध ठेवूनही दिवस राहिले नाहीत, तर त्या स्थितीला वैद्यकशास्त्र वंध्यत्व म्हणते. स्त्रीचे वय पस्तिशीपुढे असेल तर सहा महिन्यांनंतरच तपासण्या सुरू कराव्यात, असा संकेत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगातील सुमारे १७.५ टक्के प्रौढांना, म्हणजे साधारण सहांतील एकाला, आयुष्यात कधी ना कधी या अनुभवातून जावे लागते. कारण स्त्रीत असते, पुरुषात असते, दोघांत असते आणि काही जोडप्यांत सगळ्या तपासण्या करूनही सापडत नाही. या व्याख्येत शरीरसंबंध आहे, पण केवळ अट म्हणून. तो नियमित आहे की नाही एवढेच डॉक्टर विचारतात. तो हवासा वाटतो का, त्यात सुख आहे का, दुखते का, हे प्रश्न केसपेपरवर सहसा नसतात. मूल व्हावे यासाठी ज्या कृतीवर सगळी भिस्त आहे, तिच्याचबद्दल उपचारकेंद्रात सर्वांत कमी बोलले जाते, हे या विषयातले मोठे वैगुण्य आहे.

स्त्रीच्या कामजीवनाचे मोजमाप करणे सोपे नाही. मास्टर्स आणि जॉन्सन यांनी १९६६ मध्ये मांडलेला उत्तेजनेपासून परमोच्च सुखापर्यंतचा सरळ चढता क्रम बराच काळ प्रमाण मानला जात होता. रोझमेरी बॅसन यांनी २००० साली त्याला पर्याय सुचवला. दीर्घकाळच्या नात्यात स्त्रीची इच्छा नेहमी आधी जागी होते असे नाही. जवळीक, विश्वास, आश्वासक स्पर्श यांतून शरीर प्रतिसाद देऊ लागते आणि इच्छा मागाहून येते, असे त्यांचे प्रतिपादन होते. वंध्यत्वाच्या संदर्भात हे महत्त्वाचे ठरते, कारण उपचारांच्या धबडग्यात पहिला घाव बसतो तो याच आधीच्या जवळिकीवर. मोजपट्ट्यांपैकी सर्वाधिक वापर ‘फीमेल सेक्शुअल फंक्शन इंडेक्स’ या २००० साली आलेल्या प्रश्नावलीचा होतो. गेल्या चार आठवड्यांतील इच्छा, उत्तेजना, ओलावा, परमोच्च सुख, समाधान आणि वेदना यांविषयी तिच्यात १९ प्रश्न आहेत. एकूण गुण २ ते ३६ यांदरम्यान असतात आणि ते २६.५५ किंवा त्याहून कमी आले तर कामसमस्येची शक्यता धरली जाते. मात्र ज्या स्त्रीने त्या चार आठवड्यांत संबंधच ठेवला नाही, तिला कित्येक प्रश्नांत शून्य मिळते. स्त्रीबीज काढल्यामुळे किंवा भ्रूण सोडल्यामुळे डॉक्टरांनीच संबंध टाळायला सांगितले असतील, तरी कागदावर ती ‘समस्याग्रस्त’ दिसते. या क्षेत्रातले आकडे वाचताना ही त्रुटी विसरून चालत नाही. खास वंध्यत्वासाठी तयार झालेल्या साधनांत १९९९ ची ‘फर्टिलिटी प्रॉब्लेम इन्व्हेंटरी’ आहे. तिच्या ४६ विधानांचा एक भाग लैंगिक ताणाला वाहिलेला आहे. २०११ ची ३६ प्रश्नांची ‘फर्टिक्वोल’ ही जीवनमानाची प्रश्नावलीही याच वर्गातली.

अमेरिकेत २०१० साली प्रसिद्ध झालेल्या मिल्हायझर आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात वंध्यत्वाला सामोऱ्या जाणाऱ्या ४० टक्के स्त्रियांचे ‘फीमेल सेक्शुअल फंक्शन इंडेक्स’वरील गुण धोक्याच्या पातळीत होते. तुलनेसाठी घेतलेल्या इतर स्त्रियांत हे प्रमाण २५ टक्के होते. इच्छा आणि उत्तेजना या दोन बाबींत फरक ठळक होता. त्याहून बोलका होता तो दुसराच निष्कर्ष. निदान होण्यापूर्वीचे कामजीवन कसे होते असे विचारल्यावर या स्त्रियांनी दिलेली उत्तरे इतरांसारखीच होती, समाधान घटले होते ते नंतर. जुन्या दिवसांच्या आठवणी थोड्या गुलाबी असतात हे मान्य केले तरी निष्कर्षाची दिशा स्पष्ट आहे. इतर देशांतील अभ्यासांत टक्केवारी पुष्कळ वरखाली होते. कोण, कुठे आणि उपचारांच्या कोणत्या टप्प्यावर विचारते, यावर ती अवलंबून असते.

हे कसे घडते, ते उपचारांचे एक साधे चक्र पाहिले की कळते. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस क्लोमिफेन किंवा लेट्रोझोलच्या गोळ्या. नवव्या-दहाव्या दिवसापासून ‘फॉलिक्युलर स्टडी’, म्हणजे दिवसाआड योनिमार्गातून सोनोग्राफी. बीजपुटिका अठरा-वीस मिलिमीटरची झाली की ती फुटण्यासाठी एचसीजीचे इंजेक्शन आणि त्यासोबत सूचना: ‘आज आणि उद्या संबंध ठेवा.’ नवरा रात्रपाळीला असो, घरी पाहुणे असोत, दिवसभर दोघांत अबोला असो, तो दिवस चुकवता येत नाही. पुढे दोन आठवडे वाट पाहायची आणि पाळी आली की पुन्हा दुसऱ्या दिवसापासून सारे आरंभापासून. असे सहा-आठ महिने गेले की शरीर स्पर्शाची सांगड परीक्षेशी घालू लागते. नवऱ्याने खांद्यावर हात ठेवला तरी पहिला विचार येतो तो तारखेचा. ‘कामाच्या’ दिवशी संबंध कर्तव्य म्हणून उरकला जातो आणि बाकीच्या दिवशी त्याचे प्रयोजनच उरत नाही. हळूहळू साधे जवळ घेणेही बंद पडते, कारण त्याचा अर्थ समोरच्याने काही वेगळाच लावला तर, अशी धास्ती दोघांनाही असते.

या वेळापत्रकाला शास्त्राचा आधार आहे, पण तो समजला जातो तितका काटेकोर नाही. विल्कॉक्स आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील २२१ स्त्रियांच्या नोंदींवरून १९९५ मध्ये दाखवले की गर्भधारणेची शक्यता बीजमोचनाचा दिवस धरून आधीच्या सहा दिवसांत असते. शुक्रजंतू गर्भाशयमुखाच्या स्रावात काही दिवस तग धरतात. म्हणूनच ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेचा सल्ला असा की नैसर्गिक प्रयत्न करणाऱ्या जोडप्याने दर दोन-तीन दिवसांनी संबंध ठेवावा, तेवढे पुरते. एवढी एक माहिती नीट समजावून दिली तरी कित्येक घरांतली ‘आजची रात्र’ नावाची दहशत ओसरेल. मानसोपचाराचा आरंभ बऱ्याचदा असल्या साध्या खुलाशातच असतो.

सगळे खापर मनावर फोडणेही बरोबर नाही. क्लोमिफेनमुळे काही स्त्रियांना योनिमार्गात कोरडेपणा जाणवतो. आयव्हीएफच्या काही पद्धतींत बीजकोशांचे काम आधी औषधांनी थांबवतात, तेव्हा रजोनिवृत्तीसारखे गरम वाफारे येतात आणि कोरडेपणाही येतो. प्रोजेस्टेरॉनच्या कॅप्सूल योनिमार्गात ठेवाव्या लागतात. त्यांनी स्राव होतो, कधी आग होते. इंजेक्शनांनी बीजकोश फुगलेले असताना हालचालही नकोशी वाटते. मूळ आजारांचा वाटा वेगळाच. एंडोमेट्रिओसिसमध्ये संबंधाच्या वेळी खोलवर दुखते. पीसीओएसमध्ये चेहऱ्यावरची लव, मुरुमे आणि वाढते वजन यांमुळे आरशासमोर उभे राहणेच नको होते. जननेंद्रियांचा क्षयरोग हे भारतातील वंध्यत्वाचे एक महत्त्वाचे कारण आहे, पण तो वर्षानुवर्षे मुकाट राहू शकतो. कोरडेपणासाठी वंगण वापरायचे तर बाजारातील पाण्यावर आधारित बरीच वंगणे, आणि लाळसुद्धा, प्रयोगशाळेत शुक्रजंतूंची हालचाल मंदावतात. हायड्रॉक्सिएथिल सेल्युलोजवर आधारित वंगणांचा तसा उपद्रव दिसलेला नाही. वेदनेचे शारीरिक कारण न शोधता रुग्णाला थेट समुपदेशकाकडे पाठवणे म्हणजे उपचारातली हेळसांडच.

मनाचा भार तरीही मोठाच असतो. ॲलिस डोमार आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये वंध्यत्व असलेल्या स्त्रियांची तुलना इतर दीर्घ आजारांच्या रुग्णांशी केली. नैराश्य आणि चिंतेच्या बाबतीत या स्त्रिया कर्करोग किंवा हृदयविकार असलेल्यांच्या जवळपास आढळल्या. या दुःखाला तेरावा नसतो, ते दर महिन्याला नव्याने येते. शरीराने दगा दिला असे एकदा मनात बसले की त्याच शरीरातून सुख घ्यायचे कसे, असा पेच पडतो. पुरुषावरही ताण येतो. ठरलेल्या दिवशी लिंगताठरता न येणे हा वेळेवर बेतलेल्या संबंधांचा नेहमीचा परिणाम आहे. बायको त्याचा अर्थ ‘याला मी नकोशी झाले’ असा लावते, नवरा शरमेने पुढचा दिवस टाळतो आणि दोघेही याविषयी चकार शब्द काढत नाहीत.

महाराष्ट्रातील घराघरांत या खासगी दुःखाला सामाजिक बाजूही आहे. ‘गोड बातमी कधी?’ या प्रश्नापासून डोहाळजेवणाला आणि बारशाला टाळले जाण्यापर्यंत आणि ओटी भरताना हात आखडता घेतला जाण्यापर्यंत अनेक प्रसंगी बाईला तिची उणीव दाखवून दिली जाते. दोष नवऱ्याच्या वीर्यतपासणीत निघालेला असला तरी तो घरात सांगितला जात नाही, आणि बोल लागतो तो तिलाच. कॅथरीन कोहलर रीसमन यांनी केरळातील मूल नसलेल्या स्त्रियांच्या मुलाखती घेऊन २००० साली हा कलंक आणि त्याला रोजच्या जगण्यात होणारा प्रतिकार यांचे चित्र मांडले. त्यातले बरेच काही सांगली-सोलापूरलाही ओळखीचे वाटेल. दीड खोल्यांच्या घरात पलीकडे सासू-सासरे झोपलेले असताना डॉक्टरांनी सांगितलेली तारीख पाळणे म्हणजे काय, हे कोणत्याही प्रश्नावलीत मावत नाही.

तरीही वंध्यत्वाने प्रत्येक संसार पोखरला जातो असे चित्र रंगवणे चुकीचे ठरेल. डेन्मार्कमधील लोन श्मिट यांच्या मोठ्या पाहणीत सुमारे चतुर्थांश स्त्रियांनी या अनुभवाने आपण नवरा-बायको एकमेकांच्या अधिक जवळ आलो असे सांगितले. जी जोडपी मोकळेपणी बोलतात त्यांचे नाते टिकते, असे म्हणण्याचा मोह होतो. पण बोलण्याने नाते टिकते की टिकलेल्या नात्यात बोलणे सोपे जाते, हे अशा पाहणीतून ठरत नाही.

काही जोडप्यांत गाडी उलट्या दिशेने चालते. तिथे कामसमस्या वंध्यत्वाच्या आधीची असते, किंबहुना तीच त्याचे कारण असते. योनिआकर्षात संबंधाच्या किंवा तपासणीच्या नुसत्या कल्पनेनेही योनिमार्गाचे स्नायू आवळले जातात. अमेरिकन मनोविकार वर्गीकरणाने २०१३ मध्ये हा विकार आणि वेदनादायक संबंध यांना एकाच निदानाखाली आणले. लग्नाला चार वर्षे झाली, पण संबंध एकदाही पूर्ण झालेला नाही, अशी जोडपी भारतात कामविकारतज्ज्ञाकडे सहसा जात नाहीत, ती ‘मूल होत नाही’ म्हणून वंध्यत्व केंद्रात येतात. जर्मन संशोधक टेवेस विशमन यांच्या आढाव्यानुसार केवळ कामविकारामुळे आलेले वंध्यत्व विरळा आहे. भारतात लैंगिक शिक्षणाचा अभाव आणि जेमतेम ओळखीवर झालेली लग्ने पाहता भारतीय डॉक्टरांनी ते विरळाच असेल असे गृहीत धरू नये. अशा जोडप्याला काही न विचारता थेट आययूआय (शुक्रजंतू नळीने गर्भाशयात सोडणे) सुचवले, तर कदाचित मूल होईलही, पण प्रत्येक सोनोग्राफी त्या बाईसाठी छळ ठरेल आणि समस्या आहे तिथेच राहील. शरीरओळख, श्वसन आणि स्नायू सैल सोडण्याचे व्यायाम, क्रमाक्रमाने मोठे होणारे विस्फारक आणि पतीचा संयमी सहभाग या मार्गाने योनिआकर्ष बहुतेकदा आटोक्यात येतो. मानसोपचार हाच इथे वंध्यत्वाचाही उपचार असतो.

मानसशास्त्राचा या प्रांतातला पूर्वेतिहास फारसा अभिमानास्पद नाही. हेलेन डॉइच आणि थेरेस बेनेडेक यांच्यासारख्या मनोविश्लेषकांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर मातृत्वाविषयीच्या अबोध संघर्षात वंध्यत्वाचे मूळ शोधले. कारण सापडले नाही की बाईच्या मनाकडे बोट दाखवायचे, अशी ती रीत होती. संप्रेरके आणि बीजमोचन यांचे ज्ञान वाढले तसे हे मत मागे पडले. ‘टेन्शन घेऊ नकोस, आपोआप राहील’ या प्रेमळ सल्ल्यात ते अजून जिवंत आहे. नंतर दृष्टी उलटली: मनामुळे वंध्यत्व हे सूत्र मागे पडून वंध्यत्वामुळे मनाला होणारा त्रास समोर आला. अमेरिकेत १९७४ मध्ये बार्बरा एक मेनिंग यांनी ‘रिझॉल्व्ह’ ही स्वमदत संस्था सुरू केली. ब्रिटनमध्ये वॉरनॉक समितीने १९८४ मध्ये समुपदेशनाची शिफारस केली आणि १९९० च्या कायद्याने उपचारांपूर्वी त्याची संधी देणे बंधनकारक केले. युरोपातील ‘एश्रे’ या संघटनेने २०१५ मध्ये मानसिक-सामाजिक देखभालीची मार्गदर्शक तत्त्वे काढली. ती मानसोपचारतज्ज्ञांपेक्षा परिचारिका आणि डॉक्टर यांनाच उद्देशून आहेत, हे त्यांचे वेगळेपण.

प्रत्यक्ष पद्धतींपैकी सर्वाधिक वापरली जाणारी आहे ती बोधात्मक वर्तनोपचाराची. त्यात मनात आपोआप उमटणारे विचार पकडून तपासले जातात. पाळी आलेल्या दिवशी ‘माझ्या शरीराचा काही उपयोग नाही’ असे मनात आले, तर ते वहीत लिहायचे. त्याच्या बाजूचे आणि विरुद्धचे पुरावे मांडायचे आणि मग अधिक खरे विधान शोधायचे: ‘या महिन्यात गर्भ राहिला नाही. माझ्या शरीराने आणखी पुष्कळ कामे केली आणि त्यातले सुख अजून माझे आहे.’ खोटी आशा देणे हा यामागचा हेतू नसतो. ‘दिवस राहणारच’ असे वाक्य चांगला उपचारक लिहू देत नाही. कामजीवनाबाबत ज्या समजुती याच रीतीने उलगडाव्या लागतात त्यांत ‘इच्छा आपोआप व्हायला हवी’, ‘मूल होणार नसेल तर संबंध कशाला’ आणि ‘मी सुख मागितले तर लोक काय म्हणतील’ या नेहमी आढळतात.

दुसरी पद्धत आहे मास्टर्स आणि जॉन्सन यांनी १९७० मध्ये मांडलेली ‘सेन्सेट फोकस’, म्हणजे क्रमाक्रमाने स्पर्शाकडे लक्ष वळवण्याचा अभ्यास. पहिल्या टप्प्यात संभोगाला पूर्ण बंदी असते, स्तन आणि जननेंद्रियेही वर्ज्य. आठवड्यातून दोन-तीनदा, अर्धा-पाऊण तास, एकाने दुसऱ्याच्या पाठीला, हातांना, चेहऱ्याला स्पर्श करायचा आणि केवळ उष्णता, पोत, दाब यांकडे लक्ष द्यायचे. उत्तेजना आली तर येऊ द्यायची, पण तिच्या मागे जायचे नाही. पुढच्या टप्प्यांत वर्ज्य भाग हळूहळू खुले होतात. परीक्षाच रद्द केली की भीती जाते, हे यामागचे सूत्र. वंध्यत्वात मात्र हे सूत्र एका अडचणीपाशी अडते. संभोगबंदी पाळावी तर महिना वाया जातो, आणि अडतिशीतल्या बाईला प्रत्येक महिना मोलाचा असतो. पाठ्यपुस्तकांत या पेचावर फारसे लिहिलेले नसते. व्यवहारात तीन मार्ग निघतात. एक-दोन चक्रे उपचार थांबवून सराव करायचा. किंवा बीजमोचनाचे दिवस बंदीतून वगळायचे. किंवा मग महिन्याची उघड फाळणी करायची: काही दिवस बाळासाठी, काही दोघांसाठी, आणि दुसऱ्या प्रकारच्या दिवशी गर्भधारणेचा विषयही काढायचा नाही. आयव्हीएफ घेणाऱ्यांना या बाबतीत एक विचित्र सवलत मिळते. फलन प्रयोगशाळेत होणार असल्याने संभोगावरचे ओझे उतरते. काही जोडप्यांना त्यातून मोकळीक मिळते, तर काहींना संभोग पुरताच निरर्थक वाटू लागतो. उपचारकाने यातले काय घडते आहे ते विचारून घ्यावे लागते, गृहीत धरून चालत नाही.

जॅक ॲनन यांचा १९७६ चा ‘प्लिसिट’ आराखडा हा स्वतंत्र उपचार नव्हे, पायऱ्यांची मांडणी आहे. आधी बोलण्याची मुभा द्यायची, मग नेमकी माहिती, मग त्या जोडप्यापुरत्या ठोस सूचना, आणि एवढ्याने भागले नाही तरच सखोल उपचार. बहुतेकांचे काम पहिल्या दोन-तीन पायऱ्यांवर होते. त्या पायऱ्या प्रशिक्षित परिचारिकाही चढवू शकते, आणि तज्ज्ञांची वानवा असलेल्या देशांसाठी हेच त्याचे खरे मोल. सजगतेवर आधारित उपचार अलीकडचे आहेत. लोरी ब्रॉटो यांनी कॅनडात स्त्रियांच्या इच्छेच्या आणि उत्तेजनेच्या समस्यांसाठी त्यांचा वापर रूढ केला. संबंधाच्या वेळी मन तारखेकडे, रिपोर्टकडे, पुढच्या हप्त्याकडे धावते, ते पुन्हा शरीरातल्या संवेदनेवर आणण्याचा हा सराव आहे. पोर्तुगालमध्ये आना गाल्यार्दो आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये खास वंध्यत्वासाठी दहा सत्रांचा असा कार्यक्रम तपासला. नैराश्य, शरम आणि अडकल्याची भावना त्यात कमी झाली, पण अभ्यासातील गट यादृच्छिक रीतीने पाडलेले नव्हते. भावनाकेंद्री उपचारात दोघांना एकत्र बसवून रागामागची भीती आणि अबोल्यामागचे दुःख बोलते केले जाते. इराणमधील सुलेमानी आणि सहकाऱ्यांच्या २०१५ च्या अभ्यासात, बेबनाव असलेल्या वंध्य जोडप्यांचे कामसमाधान या उपचाराने वाढल्याचे दिसले. अभ्यास मात्र केवळ तीस जोडप्यांचा होता.

इराणचे नाव या विषयात वारंवार येते. वंध्य स्त्रियांचे कामजीवन हेच मुख्य मोजमाप ठेवून वर्तनोपचार, प्लिसिट आणि सजगता यांच्या यादृच्छिक चाचण्यांचा मोठा हिस्सा तिथूनच आलेला आहे. मूल नसल्याचा कलंक तिथे तीव्र आहे, वंध्यत्व केंद्रे बरीच आहेत आणि परिचर्या व प्रसूतिशास्त्राच्या विद्यार्थिनींनी प्रबंधांसाठी हा विषय उचलला आहे. या चाचण्यांत उपचार घेणाऱ्या स्त्रियांचे गुण सहसा सुधारतात. पण नमुने लहान असतात, तुलना बहुधा काहीच न मिळालेल्या गटाशी होते आणि पाठपुरावा काही आठवड्यांचा किंवा महिन्यांचाच असतो. आपण कोणत्या गटात आहोत हे सहभागी बाईला ठाऊक असते, ते झाकण्याची सोय मानसोपचारात नाही. बऱ्याचदा नवऱ्याला बाहेर बसवून केवळ बायकोला सत्रे दिलेली असतात, हा दोष मला सर्वांत गंभीर वाटतो. संबंध दोघांचा आणि गृहपाठ एकीचा, असा तो प्रकार आहे.

व्यापक आढावेही सावधच आहेत. जॅकी बोइव्हिन यांच्या २००३ च्या आढाव्यात नुसत्या भावना मोकळ्या करण्यावर भर देणाऱ्या समुपदेशनापेक्षा माहिती आणि कौशल्ये शिकवणारे गटकार्यक्रम अधिक परिणामकारक ठरले. २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात ३९ यादृच्छिक चाचण्या आणि ४,९२५ व्यक्ती होत्या, तरी पुराव्याचा दर्जा इतका कमी भरला की ठाम निष्कर्ष काढता आला नाही. कामजीवन तर या चाचण्यांत बहुधा दुय्यम, किंवा मोजलेलेच नाही. दिशा अनुकूल आहे, सुधारणेचे माप अनिश्चित आहे, आणि एका पद्धतीने दुसरीला मागे टाकले असे म्हणण्याजोगे काही नाही, इतके मात्र म्हणता येते.

मानसोपचाराने गर्भधारणेची शक्यता वाढते का, हा प्रश्न मात्र प्रत्येक जोडपे विचारते. डोमार यांच्या २००० सालच्या प्रयोगात वर्तनोपचार गटात ५५ टक्के आणि आधारगटात ५४ टक्के स्त्रियांना दिवस राहिले, तर काहीच न मिळालेल्या गटात २० टक्क्यांना. हे आकडे जगभर गाजले. त्या अभ्यासातून मध्येच गळालेल्या स्त्रियांची संख्या मोठी होती, ही बाब तेवढी गाजली नाही. फ्रेडरिकसेन आणि सहकाऱ्यांचे २०१५ चे संकलित विश्लेषण मानसोपचाराच्या बाजूने झुकते, कॉक्रेनचे पुढच्याच वर्षीचे हात राखते. बोइव्हिन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये १४ अभ्यासांतील ३,५८३ स्त्रियांची माहिती एकत्र केली, तेव्हा उपचारांपूर्वीच्या मानसिक ताणाचा त्या चक्राच्या यशापयशाशी संबंध आढळला नाही. चक्र फसले म्हणून ‘मीच टेन्शन घेतले’ असे म्हणत स्वतःला कोसणाऱ्या बाईला हा निष्कर्ष छापून हातात द्यावा इतका मोलाचा आहे. मानसोपचार गर्भधारणेचे साधन म्हणून विकला की तोही आणखी एक परीक्षा होऊन बसतो: मन शांत ठेवायलाही जमले नाही, ही नवी नापासी. त्याचे यश कामजीवन, नाते आणि मनःस्थिती यांवरच मोजायला हवे.

भारतात २०२१ च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याने केंद्रांवर समुपदेशनाची जबाबदारी टाकली आहे. कायद्याचा भर उपचारांचे परिणाम आणि यशाची शक्यता समजावण्यावर आहे. कामजीवनाचा उल्लेख त्यात येत नाही आणि प्रत्यक्षात समुपदेशन बहुधा संमतिपत्रे आणि पॅकेजचा खर्च समजावण्यात आटोपते. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून ६ ऑगस्ट १९८६ रोजी टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला. डॉ. प्रकाश कोठारी यांनी कामविकारांचा विभागही त्याच रुग्णालयात उभा केला. या दोन शाखांचा असा शेजार देशात इतरत्र मात्र फारसा रुजला नाही. मराठीत या विषयावर बोलण्याची परंपरा जुनी आहे. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले, आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत चालवलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात स्त्रीच्या कामसुखाचा हक्क मांडताना खटले अंगावर घेतले. संतती आणि सुख या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहण्याचा त्यांचा आग्रह संतती हवी असलेल्यांनाही तितकाच लागू पडतो.

केंद्रात करायचे काम फार खर्चिक नाही. पहिल्या भेटीत बाईला एकटीला, नवऱ्याला एकट्याला आणि मग दोघांना एकत्र भेटावे. सोबत आलेल्या सासूला बाहेर बसवण्याची जबाबदारी डॉक्टरने घ्यावी, सुनेवर टाकू नये. प्रश्न रूढ भाषेत विचारावा: ‘उपचार सुरू झाल्यापासून बऱ्याच जणांना संबंधात अडचणी येतात, तुमचे कसे आहे?’ बऱ्याच जणांना येतात हे आधी सांगितले की उत्तर सोपे जाते. छापील प्रश्नावली अनेक स्त्रियांना अवघड जाते, तेव्हा ती तोंडी विचारावी. पुढे पाठवायचे तर नोंदणीकृत मानसोपचारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडे पाठवावे. रस्त्याकडेच्या भिंतींवरचे ‘गुप्तरोग’वाले या पोकळीचाच फायदा घेतात. तीव्र नैराश्य किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार असतील तर थांबू नये. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून विनामूल्य चालते.

उपचार संपले की सारे पूर्ववत होते, असेही नाही. गर्भ राहिल्यावर तो पडेल या भीतीने कित्येक जोडपी नऊ महिने एकमेकांपासून दूर झोपतात. सर्वसाधारण गर्भारपणात संबंध ठेवायला हरकत नसते, पण ते डॉक्टरांनी आपणहून सांगावे लागते. मूल न होताच उपचार थांबवलेल्या स्त्रियांविषयी स्वीडनमधील वर्टबर्ग आणि सहकाऱ्यांचा २००७ चा अभ्यास महत्त्वाचा आहे. वीस वर्षांपूर्वी उपचार फसलेल्या चौदा जणींच्या त्या मुलाखतींत कामजीवनावरचे दुष्परिणाम दीर्घकाळ टिकलेले दिसले. या टप्प्यावरचा मानसोपचार वेगळा असतो. थांबण्याचा निर्णय दोघांनी मिळून आणि तारीख ठरवून घेणे, न झालेल्या मुलाचा शोक उघडपणे करणे आणि दत्तकाचा विचार लगेच उत्तर म्हणून पुढे न ढकलणे ही त्यातली कामे. शिवाय दर महिन्याला पाळी चार दिवस लांबली की आशा पुन्हा डोके वर काढते आणि संबंधाला पुन्हा तारखेचा वास येऊ लागतो. म्हणून काही समुपदेशक अशा जोडप्यांना काही काळ गर्भनिरोधक वापरून पाहायला सुचवतात. ज्या बाईने दहा वर्षे मुलासाठी घालवली तिला हा सल्ला प्रथम क्रूर वाटतो, म्हणून तो पहिल्या सत्रात देत नाहीत.